उद्याचे चित्र, कालच्या रंगांत

वर्गात मुलांना 'अवकाशयान काढा' असे सांगून दहा मिनिटे द्या. बहुतेक वह्यांत एक टोकदार नळकांडे उमटते. खाली पंख, मधोमध गोल खिडकी आणि मागे ज्वाळा. हा आकार मुळात जर्मनीच्या व्ही-२ या अग्निबाणाचा आहे. त्याचे पहिले यशस्वी उड्डाण १९४२ साली झाले. त्यानंतर १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तो कोळ्यासारखे पाय असलेल्या एका ओबडधोबड यानातून. २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेला आपला 'विक्रम' तर चार पायांच्या पेटीसारखा दिसतो. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे टोकदार नाकाची आणि पंखांची तिथे गरजही नाही. तरीही मुलांच्या मनातले यान ऐंशी वर्षांपूर्वीचेच राहिले आहे.

भविष्याचे चित्र म्हणून आपण जे पाहतो, ते पुष्कळदा भूतकाळातून आलेले असते. असे का होते, हे पाहण्यासाठी एक चांगली जागा आहे. ती म्हणजे वर्षानुवर्षे चालणाऱ्या विज्ञानकथांच्या दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रपटमाला. त्यांत एकच काल्पनिक जग, तेच यान, तेच गणवेश निरनिराळ्या पिढ्यांतील कलाकार पुन्हा पुन्हा रंगवतात. प्रयोगात आपण एक गोष्ट स्थिर ठेवतो आणि दुसरी बदलून पाहतो. इथे कथेतले जग जवळजवळ स्थिर आहे आणि ते रंगवणाऱ्यांचा काळ बदलतो आहे. तेव्हा या मालिकांकडे एक प्रयोग म्हणून पाहू.

एका यानाचा जन्म

'स्टार ट्रेक' ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. ७९ भाग झाले आणि १९६९ मध्ये ती बंद पडली. पुढे पुनःप्रक्षेपणांतून तिचा प्रेक्षकवर्ग वाढत गेला. १९८० च्या दशकात आपल्याकडे दूरदर्शनवरही ती दाखवली गेली. तेविसाव्या शतकात 'एंटरप्राइज' नावाचे यान ताऱ्यांमध्ये फिरते आहे, अशी तिची कल्पना होती.

मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी यानाच्या आकाराचे काम मॅट जेफ्रीज यांच्याकडे सोपवले. जेफ्रीज विमानांचे जाणकार होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बाँबर विमानांवर काम केले होते. रॉडनबेरींची अट अशी होती की यानाला पंख नकोत, अग्निबाण नकोत आणि मागे ज्वाळाही नकोत. म्हणजे आपली मुले वहीत जे काढतात, नेमके तेच नको होते. जेफ्रीज यांनी शांतपणे विचार केला. इतकी शक्तिशाली इंजिने माणसांजवळ ठेवणे धोक्याचे, म्हणून ती लांब दांड्यांवर बाहेर ठेवली. यंत्रे बाहेर असली तर दुरुस्तीसाठी पोकळीत उतरावे लागेल, म्हणून ती आत ठेवून बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत केला. पुढे माणसांसाठी एक मोठी तबकडी जोडली. असे यान त्याआधी कोणी पाहिले नव्हते.

इतर गोष्टींची कारणे याहून साधी होती. गणवेश सोनेरी, निळे आणि लाल होते, कारण रंगीत दूरचित्रवाणी तेव्हा घरोघरी येत होती आणि एनबीसीची मालक कंपनी आरसीए रंगीत संच विकत असे. गंमत म्हणजे कप्तानाच्या सदऱ्याचे कापड हिरवट होते. दिव्यांच्या प्रकाशात आणि फिल्मवर ते सोनेरी दिसे. मोठे यान प्रत्येक ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून माणसांना क्षणात इकडून तिकडे पाठवणारे यंत्र कल्पिले गेले. नियंत्रणकक्षात रंगीत खड्यांसारखी बटणे होती आणि एक घड्याळ होते. तेविसाव्या शतकातल्या या घड्याळाचे आकडे मात्र यांत्रिक चकत्यांवर फिरत.

या यादीकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. एक, भविष्याचे हे चित्र त्या काळाच्या सामानातूनच बनले होते. दुसरी अधिक महत्त्वाची. त्यातला जवळजवळ प्रत्येक आकार हे कुठल्या तरी खऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. इंजिन कुठे ठेवायचे, पैसे कसे वाचवायचे, रंग कसे उठून दिसतील, असे ते प्रश्न होते.

दोन घड्याळे

अडचण पुढे आली. १९७९ मध्ये 'स्टार ट्रेक'चा पहिला चित्रपट निघाला. आता पैसे होते, पडदा मोठा होता. यानाचा आकार नव्याने घडवला गेला. १९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' ही नवी मालिका आली. तिच्यासाठी मायकेल ओकुडा यांनी नियंत्रणकक्षाचे फलक बनवले. शेकडो बटणे आणि दिवे बसवणे महाग पडले असते. म्हणून काळ्या गुळगुळीत फलकावर रंगीत पारदर्शक आकृत्या आणि मागून उजेड, अशी सोपी युक्ती त्यांनी केली. आज हातातल्या फोनमुळे ते फलक दूरदृष्टीचे वाटतात. त्यांच्या जन्मात काटकसरीचा वाटा मोठा होता.

इथवर कथेतला काळही पुढे जात होता, त्यामुळे यान नवे दिसले तरी बिघडत नव्हते. पेच पडला तो कथा मागे गेली तेव्हा. २०१७ मध्ये आलेली 'डिस्कव्हरी' ही मालिका १९६६ च्या कथेच्या सुमारे दहा वर्षे आधी घडते. म्हणजे तिच्यातले यान 'एंटरप्राइज'च्या आधीच्या काळातले. पण पडद्यावर मात्र हवेत तरंगणाऱ्या त्रिमिती प्रतिमा आणि काचेसारखे पडदे दिसतात. दहा वर्षांनी याच लोकांच्या हाती खड्यांची बटणे आणि चकत्यांचे घड्याळ येणार आहे, हे कसे मानायचे?

अशा कलाकृतीत दोन घड्याळे चालू असतात. एक कथेतले आणि दुसरे प्रेक्षकाच्या मनगटावरचे. कथेतले घड्याळ मागे फिरवता येते, मनगटावरचे येत नाही. ही दोन जुळेनाशी झाली की रचनाकाराला कोणाची तरी बाजू घ्यावी लागते.

तीन वाटा

आतापर्यंत रचनाकारांनी यावर तीन वाटा काढल्या आहेत.

पहिली वाट म्हणजे सरळ बदल करायचा. २००९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात तोच नियंत्रणकक्ष पांढराशुभ्र, लखलखीत झाला. कप्तानाची खुर्ची मधोमध आणि समोर मोठा पडदा, ही जुनी मांडणी मात्र ओळखू येईल इतकी ठेवली होती.

दुसरी वाट, बदल कथेतच समजावून सांगायचा. 'क्लिंगॉन' नावाचे शत्रू १९६० च्या दशकात साध्या रंगरंगोटीतले माणसासारखे लोक होते. १९७९ पासून त्यांच्या कपाळावर उंचवटे आले. खरे कारण इतकेच की आता चांगली रंगभूषा परवडत होती. १९९६ च्या एका भागात एक पात्र हा विषय बाहेरच्यांशी बोलण्याचा नाही असे म्हणून तो हसण्यावारी नेते. २००५ मध्ये मात्र दोन भाग खर्चून एका विषाणूच्या संसर्गाने कपाळ सपाट झाल्याची कथा रचली गेली. रंगभूषेच्या खर्चाला जीवशास्त्रातले कारण मिळाले! 'एलियन' चित्रपटमालेतही हाच पेच आहे. १९७९ च्या 'एलियन'मध्ये २१२२ सालचे संगणक फुगीर काचेवर साधी अक्षरे उमटवतात, तर २०१२ च्या 'प्रोमिथियस'मध्ये २०९३ सालीच त्रिमिती नकाशे हवेत तरंगतात. त्यावर रसिकांनी उत्तर शोधले की एक श्रीमंत कंपनीचे संशोधनयान आहे, दुसरे जुनाट मालवाहू. नवी कोरी मोटार आणि कष्टाने चालणारा मालट्रक एकाच रस्त्यावर दिसतात, तसेच हे. उत्तर काही वाईट नाही.

तिसरी वाट सगळ्यांत कष्टाची आहे. जुने जसे होते तसेच पुन्हा उभारायचे. १९९६ मध्ये 'स्टार ट्रेक'ला तीस वर्षे झाली, तेव्हा 'डीप स्पेस नाइन' या मालिकेतील पात्रे १९६७ च्या एका भागात शिरलेली दाखवली. त्यासाठी जुने दालन पुन्हा बांधले आणि नव्या चित्रीकरणाचा प्रकाश, रंग आणि फिल्मचा पोत जुन्याशी जुळवला. २०१६ चा 'रोग वन' हा चित्रपट १९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या लगेच आधी घडतो. त्यात शिरस्त्राणे, फलक, मिशांच्या धाटणीसुद्धा १९७७ च्या ठेवल्या आहेत. वैमानिकांची काही दृश्ये तर १९७७ च्या चित्रपटासाठी घेतलेली, पण तेव्हा न वापरलेली आहेत. १९७७ च्या चित्रपटासाठी लॅरी क्यूबा यांनी संगणकावर काढलेली साधी रेषाकृती त्या काळी मोठे साहस होती. आजच्या कित्येक पटींनी समर्थ संगणकांना तसलेच दिसेल असे चित्र मुद्दाम काढायला लावले गेले. २०२४ च्या 'एलियन: रोम्युलस'मध्येही १९७९ च्या धाटणीचे फुगीर पडदे परत आले.

'स्टार वॉर्स'ची आणखी एक गंमत सांगायला हवी. तो पहिल्या दिवसापासूनच मागे पाहत होता. दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांच्या मनात १९३० च्या दशकातील 'फ्लॅश गॉर्डन' मालिका होत्या. यानांच्या लढतींसाठी त्यांनी महायुद्धावरच्या जुन्या चित्रपटांतील विमानांची दृश्ये नमुना म्हणून जोडून घेतली होती. म्हणूनच त्यातली लढाऊ याने वळताना विमानासारखी कलतात. विमान कलते ते हवेच्या दाबाचा उपयोग करून वळण्यासाठी. निर्वात पोकळीत त्याला काही अर्थ नाही. २०१६ मध्ये १९७७ ची नक्कल झाली, पण १९७७ मध्येच १९४० च्या दशकाची नक्कल दडलेली होती.

ओढ येते कुठून?

गेलेल्या काळाच्या या गोड ओढीला मराठीत स्मरणरंजन हा छान शब्द आहे. त्यासाठी युरोपीय भाषांत वापरला जाणारा नॉस्टॅल्जिया हा शब्द मात्र वैद्यकातून आला. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथील प्रबंधात तो तयार केला. ग्रीक भाषेतील 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन शब्द त्याने जोडले. घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांना होणारा तो एक आजार मानला जाई. पुढे स्थळाची ओढ काळाकडे वळली आणि आजाराची भावना झाली.

मानसशास्त्रात या संदर्भात दोन निरीक्षणे उपयोगी आहेत. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले की एखादी आकृती किंवा शब्द केवळ वारंवार समोर आला तरी तो अधिक आवडू लागतो. आणि प्रौढ माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावले तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. आता काही जन्मवर्षे पाहा. २००९ च्या 'स्टार ट्रेक'चे दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांचा जन्म १९६६ चा, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षीचा. 'रोग वन'चे गॅरेथ एडवर्ड्स १९७५ चे, 'रोम्युलस'चे फेडे अल्वारेझ १९७८ चे. जे जग त्यांनी घडवले, ते त्यांच्या बालपणीच जगभर पोहोचले होते. शिवाय त्यांच्याच वयाचे प्रेक्षक आता मुलांना घेऊन तिकिटे काढतात, हे निर्मात्यांनाही ठाऊक असते.

म्हणून जे काल नवे होते ते आज आठवण बनते. १९८७ चा तो गुळगुळीत फलकांचा नियंत्रणकक्ष २०२३ मध्ये 'पिकार्ड' मालिकेसाठी पुन्हा बांधला गेला. जुन्या पात्रांनी त्यात पाऊल टाकले तेव्हा खाली अंथरलेल्या गालिच्याचाही आवर्जून उल्लेख झाला.

आठवण जपायची तरी नेमकी कुठल्या दिवसाची, हाही प्रश्न असतो. मालिकेत वापरलेली 'एंटरप्राइज'ची अकरा फुटी प्रतिकृती १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला मिळाली. मालिकेच्या पन्नाशीला, २०१६ मध्ये, तिची दुरुस्ती करून ती तेथील अवकाश संग्रहालयात मांडली. चित्रीकरणाच्या काळात आणि नंतरही तिच्यात अनेक फेरफार झाले होते. तज्ज्ञांनी ऑगस्ट १९६७ मधले रूप निश्चित केले आणि तबकडीच्या वरच्या बाजूचा मूळ रंग तसाच राखला. या प्रतिकृतीची एकच बाजू नीट रंगवलेली होती. दुसऱ्या बाजूने तारा आत जात आणि ती बाजू सहसा दाखवत नसत. स्मरणरंजनाचेही असेच असते. दिसलेली बाजू लक्षात राहते आणि तारांची बाजू विसरली जाते.

दगडातल्या फासळ्या

मूळ गरज संपल्यावरही आकार टिकून राहणे ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या जवळचे उदाहरण लेण्यांचे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला आतून लाकडी फासळ्या आहेत. लाकडी इमारतीत अशा फासळ्या छप्पर तोलतात. इथे छप्पर म्हणजे अखंड डोंगर, त्याला तोलण्याची गरज नाही. पण उपासकांच्या डोळ्यांना सवय होती ती फासळ्यांच्या मंदिराची. पुढे अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत या फासळ्या दगडातच कोरल्या गेल्या. लाकूड गेले, ओझे गेले, आकार उरला. त्या सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु त्या पाहून कोणी 'डोंगराला फासळ्यांचा आधार लागतो' असे शिकला, तर ते चुकीचे होईल.

विज्ञान शिकवताना आपल्या हातूनही दगडातल्या फासळ्या कोरल्या जातात. मध्ये एक गोळा आणि भोवती लंबवर्तुळात फिरणारे इलेक्ट्रॉन, हे अणूचे चित्र घ्या. १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांना सोन्याच्या पातळ पत्र्यावरून काही अल्फा कण मागे उसळताना दिसले. असे का व्हावे? या प्रश्नातून रदरफर्डचे १९११ चे प्रारूप आणि बोरचे १९१३ चे प्रारूप आले. १९२६ पर्यंत क्वांटम यामिकीने त्या ठरावीक कक्षा मागे टाकल्या. तरीही आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बोधचिन्हावर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि शाळेच्या भिंतींवर आजही तेच चित्र आहे. खूण म्हणून ते चालेल. पण मुलांना चित्र पाठ असते आणि मागे उसळलेला कण माहीत नसतो, तेव्हा आपण उत्तराचा आकार दिला आणि प्रश्न दिला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

काय जपायचे?

'हे सगळे करमणुकीचे, त्याने काय बिघडते?' असे कोणी म्हणेल. चित्रांनी काय घडते ते 'स्टार ट्रेक'च्याच इतिहासात पाहता येते.

१९६६ च्या त्या नियंत्रणकक्षात खरोखर नवे काय होते? बटणे नव्हेत. संदेशवहनाच्या आसनावर उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी म्हणून बसली होती. सुकाणूजवळ आशियाई वंशाचा अधिकारी होता. १९६७ मध्ये, शीतयुद्ध चालू असताना, शेजारी एक रशियन तरुणही येऊन बसला. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी १९७७ पासून 'नासा'साठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय तरुणांना अंतराळवीर होण्याचे आवाहन करण्याचे काम केले. १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया होत्या. सप्टेंबर १९९२ मध्ये मे जेमिसन अवकाशात जाणाऱ्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी स्त्री ठरल्या. लहानपणी पाहिलेल्या उहुराचा उल्लेख त्या आवर्जून करतात. १९९३ मध्ये त्यांनी 'द नेक्स्ट जनरेशन'च्या एका भागात छोटी भूमिकाही केली.

त्याच मालिकेत स्त्रियांना आखूड झगे होते, हेही त्याच चित्रात आहे. २००९ च्या चित्रपटाने ते झगे ठेवले. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'ने तेच सोनेरी, निळे आणि लाल रंग ठेवले, पण प्रमुख स्त्री-अधिकाऱ्यांना विजारी दिल्या. म्हणजे जुने जपताना निवड करावीच लागते. रंग जपायचे, झगे जपायचे, की कोणालाही तिथे बसता येईल ही कल्पना जपायची?

आम्हाला वाटते, स्मरणरंजनात दोष नाही. जुन्या खुणांमुळेच नवा प्रेक्षक हरवत नाही आणि एका पिढीचे जग दुसरीला कळते. धोका इतकाच की आकाराची नक्कल सोपी असते, आकारामागच्या धाडसाची अवघड. जेफ्रीज यांच्या यानाची हुबेहूब प्रतिकृती करणारा त्यांचे अनुकरण करत नाही. पंख आणि ज्वाळा बाजूला सारून 'मग यान कसे असेल?' असे नव्याने विचारणारा करतो.

आणि चित्रे यंत्रांवरही छाप टाकतात. २०२० मध्ये माणसांना घेऊन गेलेल्या 'क्रू ड्रॅगन' यानातील पोशाखाचे रूप चित्रपटांसाठी वेशभूषा करणारे होजे फर्नांडेझ यांनी घडवले. आतले गुळगुळीत स्पर्शपडदे पाहून अनेकांना पडद्यावरची याने आठवली. पण त्या पडद्यांखाली तातडीच्या कामांसाठी खरी बटणेही आहेत. तिथे आठवणीपेक्षा गरजेने निर्णय घेतला.

वर्गासाठी

सुरुवातीला मुलांनी काढलेली याने फाडू नका. ती भिंतीवर लावा आणि प्रत्येक भागापुढे एक प्रश्न लिहायला सांगा. पंख कशासाठी? टोक कशासाठी? हवा नसेल तर? मग चंद्रावर उतरायचे असेल, महिनाभर राहायचे असेल, किंवा परतच यायचे नसेल, अशा तीन वेगळ्या गरजा देऊन पुन्हा चित्र काढायला सांगा. आकार आपोआप बदलतील.

दुसरा उपक्रम फोनवरच्या आणि संगणकावरच्या खुणांचा. बोलण्याच्या खुणेत जुन्या दूरध्वनीचा कानाला लावायचा भाग असतो, साठवण्याच्या खुणेत फ्लॉपी असते. यांतल्या कुठल्या वस्तू मुलांनी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत? घरातल्या मोठ्यांना विचारून प्रत्येक वस्तूचे काम लिहून आणायला सांगा.

तिसरा उपक्रम वरच्या वर्गांसाठी. भविष्यकाळात घडणारा कुठलाही चित्रपट पाहिल्यावर त्याचे नाव न सांगता तो कोणत्या दशकात बनला असावा, हे केवळ पडदे, बटणे, केशरचना आणि कपडे यांवरून इतरांनी ओळखायचे. अंदाज बहुधा फारसा चुकत नाही. त्यानंतर मुलांना विचारावे की आज आपण २१०० सालचे चित्र काढले, तर २०६० मधली मुले ते पाहून कोणत्या गोष्टींवरून आपले दशक ओळखतील? याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसते. म्हणूनच तो प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे.